मसाला आणि वाळवणासाठी पाऊच कसा निवडायचा? मोताळ्यासारख्या गावातील गृहउद्योगांनी समजून घ्यावे असे पॅकिंगचे गणित

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या जिल्ह्याचे दोन भाग करतात, घाटावरचा आणि घाटाखालचा. मलकापूर-बुलढाणा रस्त्यावरचे मोताळा हे तालुक्याचे गाव घाटाखाली येते. इथला उन्हाळा कडक असतो आणि तोच वाळवणाच्या कामी येतो. मार्च ते मे या काळात घरोघरी तिखट कांडून आणले जाते. ज्वारीच्या बिबड्या, कुरडया, पापड, शेवया आणि सांडगे अंगणात आणि गच्चीवर वाळतात. यातले बरेच आता फक्त घरापुरते राहिलेले नाही. महिला बचत गट आणि गृहउद्योग हाच माल गावच्या दुकानात, तालुक्याच्या बाजारात, प्रदर्शनांत आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांमार्फत विकतात.

खरी अडचण जूननंतर येते. एप्रिलमध्ये लालभडक आणि झणझणीत असलेले तिखट ऑगस्टमध्ये गोळे धरते, फिके पडते, कधी त्यात कीड निघते. बिबड्या मऊ पडतात. माल तोच असतो, बनवणारे हातही तेच असतात. मग चुकते कुठे? पुष्कळदा उत्तर पाऊचमध्ये सापडते. पाऊच बदलायचा ठरवले की दुसरी अडचण उभी राहते. छापील पाऊच हजारोंच्या संख्येने घ्यावा लागतो आणि निवड चुकली तर वर्षाचा नफा गोदामात अडकून पडतो. त्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वी काही गोष्टी समजून घेतलेल्या बऱ्या.

पाऊच नेमके काय काम करतो?

पाऊच म्हणजे नुसती पिशवी नव्हे. कोरड्या पदार्थाच्या पाऊचला पाच गोष्टींशी सामना करावा लागतो. ओलावा आत येतो. हवेतला ऑक्सिजन आत येतो. उजेड आत जातो. मसाल्याचा सुगंध बाहेर निघून जातो. आणि कीड शिरते. प्लास्टिक डोळ्यांना सलग दिसत असले तरी त्यातून वाफ आणि वायू हळूहळू आरपार जात असतात. कोणत्या प्लास्टिकमधून किती जातात, यावर त्याची योग्यता ठरते.

ओलाव्याचे उदाहरण घेऊ. अन्नसुरक्षा मानकांनुसार मिरची पावडरमध्ये वजनाच्या ११ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा चालत नाही. समजा, १०० ग्रॅमच्या पाकिटात ८ टक्के ओलाव्याचे कोरडे तिखट भरले. त्यात ९२ ग्रॅम कोरडा भाग आणि ८ ग्रॅम पाणी आहे. बाहेरून फक्त साडेतीन ग्रॅमच्या आसपास पाणी आत आले, तरी हे तिखट ११ टक्क्यांची मर्यादा गाठते. साडेतीन ग्रॅम म्हणजे पाऊण चमचा पाणी. ते भोकातून यावे लागत नाही, पिशवीच्या पृष्ठभागातूनच येते.

कोणत्या पदार्थाला कशाचा धोका?

सगळ्या पदार्थांना एकच पाऊच लावणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. प्रत्येक पदार्थाची गरज वेगळी असते.

तिखट आणि हळद यांना उजेड सोसत नाही. मिरचीचा लाल रंग कॅरोटिनॉइड गटातल्या रंगद्रव्यांमुळे येतो. उजेड आणि ऑक्सिजन मिळाला की ती विरत जातात. हळदीतले कर्क्युमिनही उजेडाने कमी होते. म्हणून दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेले पारदर्शक पाकीट आतल्या मालापेक्षा आधी फिके पडते.

धने-जिरे पूड, काळा मसाला, गरम मसाला यांची किंमत त्यांच्या सुगंधात असते. हा सुगंध बाष्पशील तेलांचा असतो. दळल्यावर पृष्ठभाग वाढतो आणि तेले झपाट्याने उडू लागतात. या मसाल्यांना वास अडवणारा थर लागतो. एकाच खोक्यात ठेवलेल्या शेवयांना मसाल्याचा वास लागला, तर मसाल्याचा पाऊच गळतो आहे असे समजावे.

शेंगदाण्याची, जवसाची, तिळाची चटणी यांत तेल भरपूर असते. त्यांना ओलाव्याइतकाच ऑक्सिजनचा धोका असतो. तेलाशी ऑक्सिजनचा संयोग झाला की खवट वास येतो. जवसातले तेल तर विशेष लवकर खवट होते.

पापड, बिबड्या, कुरडया यांना ओलावा नको असतो, पण त्याहून मोठा त्रास मोडण्याचा असतो. त्यांना ताठ पाऊच किंवा बाहेरून खोका लागतो. इथे सुगंध टिकवणाऱ्या महागड्या थराची गरज नसते.

डाळी, रवा, पिठे यांत किडीचा प्रश्न मोठा. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. बहुतेक वेळा कीड बाहेरून येत नाही. दळण्याआधीच्या दाण्यात अंडी असतात आणि बंद पाकिटात ती उबतात. अशा वेळी कितीही चांगला पाऊच उपयोगाचा नाही, माल आधी निवडून, साफ करून, नीट वाळवून भरावा लागतो. मसाल्यांत आढळणारे काही भुंगेरे मात्र पातळ पॉलिथिन कुरतडून आरपार जाऊ शकतात. तिथे जाड आणि अनेक थरांचा पाऊच मदत करतो.

गूळ पावडर आणि मीठ घातलेले मसाले हवेतला ओलावा ओढून घेतात. गोळे धरण्याची तक्रार यांच्याबाबत सर्वांत आधी येते.

मेट-पीईटी, एलडी, बीओपीपी म्हणजे काय?

पुरवठादार दरपत्रकात ‘१२ पीईटी, १२ मेट-पीईटी, ५० एलडी’ असे काहीतरी लिहून देतो. आकडे मायक्रॉनचे असतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. बाजारातला चांगला पाऊच एका पदार्थाचा नसतो, दोन-तीन पातळ थर एकमेकांना चिकटवून तो तयार होतो. प्रत्येक थराचे काम ठरलेले असते.

बाहेरचा थर बहुधा पीईटीचा, म्हणजे पॉलिएस्टरचा असतो. तो मजबूत असतो, उष्णता सोसतो आणि त्यावर छपाई सुबक येते. छपाई या थराच्या आतल्या बाजूला केली जाते. त्यामुळे शाई घासून जात नाही आणि पदार्थालाही लागत नाही. बाहेर पीईटीऐवजी बीओपीपी हा पॉलिप्रॉपिलीनचा ताणलेला पापुद्राही वापरतात. बीओपीपी ओलावा चांगला अडवतो, पण ऑक्सिजन फारसा अडवत नाही. पीईटीचे उलट आहे. ती ऑक्सिजन बऱ्यापैकी अडवते, ओलावा त्या मानाने कमी.

मधला थर राखणदाराचा. मेट-पीईटी म्हणजे पीईटीवर ॲल्युमिनियमचा अतिशय पातळ मुलामा दिलेला चंदेरी पापुद्रा. तो ओलावा, ऑक्सिजन आणि उजेड या तिन्हींना बऱ्याच प्रमाणात रोखतो. त्याहून सरस ॲल्युमिनियम फॉइल. सलग फॉइलमधून जवळपास काहीच जात नाही. पण फॉइल महाग असते आणि वारंवार दुमडल्यास तिला बारीक छिद्रे पडतात.

आतला थर एलडीपीईचा, बोलीभाषेत ‘एलडी’. हा थर गरम झाला की वितळून चिकटतो, म्हणून सील त्याच्यामुळेच बसते. एलडी एकटा ओलावा बऱ्यापैकी अडवतो, पण ऑक्सिजन आणि वास यांच्यापुढे तो दुबळा ठरतो. साध्या पॉलिथिनच्या पिशवीत बांधलेल्या मसाल्याचा वास खोलीभर पसरतो, तो यामुळेच.

फरक किती पडतो? प्रयोगशाळेत ३८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता ठेवून चाचणी घेतात. त्या परिस्थितीत ५० मायक्रॉनच्या साध्या एलडीतून एका चौरस मीटरला दिवसाकाठी साधारण ८ ग्रॅम वाफ आत जाते. मेट-पीईटीचा थर असला की हे प्रमाण साधारण १ ग्रॅमपर्यंत खाली येते. १२ बाय १८ सेंटिमीटरच्या पाकिटाच्या दोन्ही बाजू मिळून सुमारे ४३२ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग होतो. या हिशेबाने साध्या एलडीत रोज साधारण एक तृतीयांश ग्रॅम ओलावा शिरतो आणि १०० ग्रॅम तिखट दहाएक दिवसांत मर्यादा गाठू शकते. मेट-पीईटीच्या पाऊचला त्यासाठी अडीच महिन्यांहून जास्त काळ लागतो. दुकानातील हवा सतत इतकी दमट आणि उष्ण नसते, शिवाय आतला माल ओलावत गेला की वाफेचा वेगही मंदावतो, त्यामुळे प्रत्यक्षातले दिवस दोन्हीकडे वाढतात. आठपटीचा फरक मात्र बहुतांशी कायम राहतो.

मग सर्वांसाठी चंदेरी पाऊचच का नको?

कारण ग्राहकाला माल दिसायला हवा असतो. पापड, बिबड्या, डाळी, अख्खे मसाले ग्राहक पाहून घेतो. तिथे पीईटी आणि एलडी असा दोन थरांचा पारदर्शक पाऊच पुरतो. हळद, तिखट आणि सुगंधी मसाल्यांना चंदेरी थर हवा. तेलकट चटण्यांनाही तो हवा, आणि जास्त काळ टिकवायच्या असतील तर नायट्रोजन भरण्याचा विचार करता येतो. नायट्रोजन भरला तरी पाऊच ऑक्सिजन अडवणारा नसेल, तर खर्च वाया जातो.

चंदेरी पाऊचला पुढे मोठी पारदर्शक खिडकी ठेवण्याची मागणी अनेक गट करतात. खिडकी म्हणजे राखणदार थरातले भोकच. तिखटाला खिडकी हवीच असेल, तर ती लहान आणि मागच्या बाजूला ठेवावी.

सध्या क्राफ्ट कागदाच्या तपकिरी पाऊचची चलती आहे. ते गावाकडचे, नैसर्गिक दिसते. पण कागद स्वतः ओलावा अडवत नाही. अडवतो तो आतला प्लास्टिकचा थर. कागदाआड फक्त एलडी असेल, तर तो पाऊच दिसायला भारी आणि कामाला साध्या पिशवीएवढाच. आत कोणता थर आहे हे विचारल्याशिवाय असा पाऊच घेऊ नये.

आकार कोणता घ्यावा?

तीन बाजूंनी सील केलेला चपटा पाऊच सर्वांत स्वस्त पडतो. ५० आणि १०० ग्रॅमच्या मसाल्याला तो पुरतो. मागे उभी शिवण असलेला पाऊच मशीनवर रोलमधून तयार होतो. हाताने भरणाऱ्या गटाला रोल घेऊन उपयोग नाही, त्यांनी तयार पाऊचच घ्यावा. तळाला घडी असलेला, फळीवर उभा राहणारा पाऊच बाजारात ‘स्टँडी’ म्हणून ओळखला जातो. त्याचे मूळ नाव डॉयपॅक, १९६० च्या दशकात लुई डॉयेन या फ्रेंच माणसाच्या नावावरून पडलेले. तो नजरेत भरतो, पण किंमत जास्त असते. २०० ग्रॅमच्या वरच्या पाकिटाला आणि प्रदर्शनातल्या विक्रीला तो शोभतो.

झिप असलेला पाऊच ग्राहकाला आवडतो. मात्र झिप म्हणजे सील नव्हे. झिपच्या वर गरम सील मारलेच पाहिजे. झिपचा उपयोग पाकीट फोडल्यानंतर होतो. ५० ग्रॅमच्या पाकिटाला झिप लावणे हा निव्वळ खर्च आहे, कारण ते आठवड्या-पंधरवड्यात संपते.

पाऊचचे माप ग्रॅमवर ठरत नाही, घनफळावर ठरते. शंभर ग्रॅम मेथीदाणे आणि शंभर ग्रॅम तिखट यांना सारखी जागा लागत नाही. भरड मसाला बारीक पुडीपेक्षा जास्त जागा घेतो. म्हणून माप ठरवताना पुरवठादाराकडून दोन-तीन मापांचे कोरे नमुने मागवावेत. त्यात आपला माल भरावा, दोनदा आपटून बसवावा आणि वर सीलसाठी तीन-चार सेंटिमीटर जागा राहते का ते पाहावे. जागा कमी राहिली तर पूड सीलमध्ये अडकते. फार जास्त राहिली तर ग्राहकाला पाकीट अर्धे रिकामे वाटते आणि आत हवाही जास्त राहते.

छापील पाऊच घ्यावा की स्टिकर लावावे?

पैशाच्या दृष्टीने हाच सर्वांत मोठा निर्णय. मोठ्या प्रमाणावरील छपाई ग्रॅव्ह्युअर पद्धतीने होते. तिच्यात प्रत्येक रंगासाठी एक कोरीव सिलिंडर लागतो. पाच रंग असतील तर पाच सिलिंडर. हा खर्च एकदाच येतो, पण डिझाइन बदलले की पुन्हा करावा लागतो. शिवाय किमान ऑर्डरही मोठी असते. डिजिटल छपाईत सिलिंडर लागत नाहीत, थोडे पाऊचही मिळतात, पण प्रत्येक नग महाग पडतो. तिसरा मार्ग म्हणजे बाजारात मिळणारा कोरा पाऊच घेऊन त्यावर स्टिकर लावणे.

हिशेब असा करता येतो. इथले आकडे केवळ उदाहरणासाठी मानलेले आहेत. कोरा पाऊच आणि स्टिकर मिळून साडेचार रुपये पडतात. छापील पाऊच तीन रुपयांना पडतो, म्हणजे नगामागे दीड रुपया वाचतो. पाच सिलिंडरचा खर्च २५,००० रुपये आहे. तो वसूल व्हायला सुमारे १६,७०० पाकिटे विकली जावी लागतात. महिन्याला ४०० पाकिटे विकणाऱ्या गटाला त्यासाठी जवळजवळ साडेतीन वर्षे लागतील. महिन्याला २,००० विकणाऱ्याला साडेआठ महिने पुरतील. पहिल्याने स्टिकरवरच थांबावे, दुसऱ्याने छपाईचा विचार करावा. आपल्या पुरवठादाराचे खरे दर घालून हीच बेरीज-वजाबाकी कोणालाही कागदावर करता येते.

मधला एक उपायही आहे. चार मसाले विकणाऱ्या गटाने चार वेगळे पाऊच छापण्याऐवजी नाव आणि चिन्ह असलेला एकच पाऊच छापावा आणि पदार्थाचे नाव, घटक, किंमत यांसाठी मागे-पुढे मोकळी चौकट ठेवावी. चौकटीत स्टिकर लावले की काम झाले. छपाई एकाची होते आणि उरलेला पाऊच दुसऱ्या मसाल्याला वापरता येतो.

छापायच्या मजकुरात किंमत, तारीख आणि बॅच क्रमांक कधीही कायमचे छापू नयेत. ते भरण्याच्या दिवशी शिक्क्याने किंवा प्रिंटरने टाकायचे असतात. मिरचीचे भाव दर हंगामाला बदलतात. छापील किमतीचे दहा हजार पाऊच शिल्लक असताना भाव वाढले, तर एकतर तोटा सोसावा लागतो किंवा पाऊच फेकावे लागतात.

लेबलवर काय असणे बंधनकारक आहे?

बंद पाकिटातून विक्री सुरू झाली की दोन कायदे लागू होतात. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ चा आणि वैधमापन (पॅकबंद वस्तू) नियम २०११ चे. दोन्ही मिळून पाऊचवर साधारण पुढील माहिती हवी: पदार्थाचे नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटकांची यादी, बनवणाऱ्याचे किंवा भरणाऱ्याचे नाव व पूर्ण पत्ता, निव्वळ वजन, बनवल्याची किंवा भरल्याची तारीख, कधीपर्यंत वापरावे ती तारीख, बॅच क्रमांक, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, प्रतिग्रॅम किंवा प्रतिकिलो किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क आणि एफएसएसएआयच्या चिन्हासह १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक. शाकाहारी पदार्थाला हिरव्या चौकोनातले भरीव हिरवे वर्तुळ लागते. शेंगदाणा, तीळ, गहू, दूध यांसारख्या घटकांपैकी ॲलर्जीच्या यादीत येणारे घटक असतील तर तसे सांगावे लागते. पोषणमूल्यांचा तक्ता कोणत्या पदार्थाला लागतो आणि कोणाला सूट आहे, हे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारून घ्यावे.

निव्वळ वजन म्हणजे पाऊच सोडून आतल्या मालाचे वजन. सहा ग्रॅमच्या पाऊचसह १०० ग्रॅम भरले, तर ग्राहकाला ९४ ग्रॅमच मिळतात आणि तो गुन्हा ठरतो. काट्यावर वैधमापन विभागाचा चालू शिक्का असावा लागतो.

‘सेंद्रिय’ हा शब्द मनाला येईल तसा छापता येत नाही. त्यासाठी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या पद्धतींपैकी एकीचे प्रमाणपत्र लागते. ‘शंभर टक्के शुद्ध’, ‘रोगावर गुणकारी’ असे दावेही अंगाशी येऊ शकतात. छापील पाऊचवर एकदा असा शब्द गेला की सगळा साठा अडचणीत येतो.

पाऊचच्या कच्च्या मालालाही नियम आहेत. अन्नसुरक्षा (पॅकेजिंग) विनियम २०१८ नुसार अन्नाला लागणारे प्लास्टिक ठरलेल्या भारतीय मानकांचे हवे. पॉलिथिलीनसाठी आयएस १०१४६, पॉलिप्रॉपिलीनसाठी आयएस १०९१० आणि छपाईच्या शाईसाठी आयएस १५४९५ ही मानके आहेत. प्लास्टिकमधून पदार्थात उतरणाऱ्या घटकांवरही मर्यादा आहे, किलोमागे ६० मिलिग्रॅम. याच विनियमांनी अन्न वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली. रद्दीच्या पुडीत मसाला देण्याची जुनी रीत नियमाबाहेर गेली, ती यामुळे.

सील नीट बसले हे कसे ओळखावे?

महागडा पाऊच आणि कच्चे सील, यापेक्षा स्वस्त पाऊच आणि पक्के सील बरे. कोरड्या पुडीच्या पॅकिंगमध्ये बहुतेक गळती सीलमधूनच होते. भरताना उडालेली बारीक पूड सीलच्या जागी चिकटते आणि दोन थर एकजीव होत नाहीत. पूड नरसाळ्याने तळापर्यंत सोडावी, वरची कड कोरड्या फडक्याने पुसावी आणि मगच सील मारावे. जाड चंदेरी पाऊचला हाताने दाबायचे छोटे यंत्र पुष्कळदा कमी पडते. पट्ट्यावर पाऊच पुढे सरकवणारे बँड सीलर एकसारखी उष्णता देते. सीलची पट्टी निदान आठ-दहा मिलिमीटर रुंद असावी.

चक्कीवरून आलेले तिखट गरम असते. ते तसेच भरले तर आत वाफ धरते आणि गोळे होतात. ते झाकून थंड करावे, पण पावसाळ्यात उघडे ठेवून देऊ नये. आणि पाऊच पदार्थाला वाळवत नाही, हेही लक्षात ठेवावे. आतला माल ओलसर असेल, तर चांगला पाऊच तो ओलावा आतच कोंडतो. मग बुरशी येते. मिरचीवरच्या काही बुरशींपासून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते आणि ते शिजवूनही पूर्ण जात नाही.

ऑर्डर देण्यापूर्वी घरी करता येण्याजोग्या चाचण्या

पहिली चाचणी पाण्याची. पाऊचमध्ये थोडी हवा ठेवून सील मारावे, तो बादलीत बुडवून हलका दाबावा. बुडबुडे आले तर सील कच्चे. दुसरी आपटण्याची. भरलेला पाऊच छातीइतक्या उंचीवरून तळावर, कडेवर आणि आडवा असा टाकून पाहावा. एसटीच्या टपावरून किंवा कुरिअरने जाणाऱ्या मालाला यातून जावेच लागते. तिसरी वासाची. दोन पाऊच एका बंद स्टीलच्या डब्यात आठवडाभर ठेवावेत. डबा उघडल्यावर मसाल्याचा वास दरवळला, तर सुगंध बाहेर जातो आहे.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची चाचणी वजनाची. दोन-तीन प्रकारच्या नमुना पाऊचमध्ये एकाच दिवशी तोच माल भरावा. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणाऱ्या काट्यावर वजन करून ते पाऊचवर लिहावे. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला पुन्हा वजन करावे. वाढलेले वजन म्हणजे आत शिरलेला ओलावा. १०० ग्रॅमच्या पाकिटाचे वजन तीन-साडेतीन ग्रॅमने वाढायला किती आठवडे लागले, त्यावरून टिकण्याचा काळ ठरवता येतो. ‘सहा महिने टिकते’ हे शब्द शेजारच्या पाकिटावरून उतरवण्यापेक्षा स्वतःच्या वहीतून आलेले बरे. मोठ्या खरेदीदाराला माल द्यायचा असेल, तर पुढे मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवालही लागतो.

पर्यावरणाचे काय?

वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटलेले असले, की ते वेगळे करता येत नाहीत. म्हणून असा पाऊच भंगारवालाही घेत नाही. पर्याय म्हणून एकाच जातीच्या प्लास्टिकचे थर असलेले पाऊच बाजारात येत आहेत. डाळी, पापड, शेवया यांना ते चालू शकतात. सुगंधी मसाल्यांसाठी त्यांची क्षमता तपासूनच घ्यावी. महाराष्ट्रात २०१८ पासून प्लास्टिकबंदीची अधिसूचना आहे आणि केंद्राचे प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ चे आहेत, त्यांत वेळोवेळी बदल होतात. उत्पादकाची नोंदणी आणि पाऊचवरच्या खुणा याबाबत पुरवठादाराकडून लेखी माहिती घ्यावी. जवळच्या गिऱ्हाइकाला मात्र आणखी सोपा मार्ग आहे. गावातल्या गावात विक्री असेल, तर ग्राहकाच्या स्टीलच्या डब्यात मोजून देणे आजही सर्वांत स्वस्त आणि कचरा न करणारे आहे.

पुरवठादाराला काय विचारावे?

थर कोणते आणि प्रत्येकाची जाडी किती? ‘जाड आहे, चांगले आहे’ हे उत्तर पुरेसे नाही. ८० मायक्रॉनचा नुसता एलडी ७४ मायक्रॉनच्या तीन थरांच्या चंदेरी पाऊचपेक्षा जाड असतो, पण राखण कमी करतो. माल अन्नयोग्य असल्याचे प्रमाणपत्र आहे का? किमान ऑर्डर किती? दर नगावर की किलोवर? किलोचा दर असेल तर एका किलोत किती पाऊच येतात? सिलिंडर कोणाच्या मालकीचे राहतील? छपाईपूर्वी मंजुरीसाठी नमुना मिळेल का? मोजणीत कमी-जास्त किती धरतात? ही उत्तरे कागदावर घ्यावीत आणि दोन-तीन ठिकाणचे दर एकाच थररचनेवर मागवावेत. रचना वेगळी असेल तर दरांची तुलना करण्यात अर्थ नाही.

मदत कुठे मिळते?

केंद्राची प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात यंत्रसामग्रीसाठी पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपयांपर्यंत कर्जाशी जोडलेले अनुदान, बचत गटातल्या सदस्याला ४०,००० रुपयांपर्यंत बीज भांडवल आणि गटांच्या ब्रँडिंग-पॅकेजिंगसाठी मदत अशा तरतुदी करण्यात आल्या. योजनेची सद्यस्थिती तालुका कृषी कार्यालयात समजते. उमेद अभियानातील गटांना प्रशिक्षण आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत जागा मिळू शकते. बुलढाणा जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्रे आहेत, तिथे प्रक्रिया उद्योगाचे मार्गदर्शन होते. पाऊचच्या चाचण्यांसाठी १९६६ मध्ये स्थापन झालेली मुंबईतली भारतीय पॅकेजिंग संस्था आहे.

लिज्जत पापडाची सुरुवात १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात महिलांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर केली. तेव्हाही आणि आताही लहान भांडवलाच्या उद्योगाला एक गोष्ट परवडत नाही, ती म्हणजे न विकल्या जाणाऱ्या वस्तूत पैसा गुंतवणे. छापील पाऊचचा ढीग ही तशीच वस्तू आहे. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी पदार्थ नीट वाळवणे, मग त्याला कशाचा धोका आहे ते ठरवणे, त्यानुसार थर निवडणे, नमुना पाऊचमध्ये एक पावसाळा काढणे आणि विक्रीचा आकडा हाती आल्यावरच छपाईला जाणे. घाटाखालच्या उन्हाने वाळवलेले तिखट दिवाळीपर्यंत तसेच लाल राहिले, तर पुढच्या वर्षी ग्राहक पाऊच पाहून नाही, नाव पाहून मागणी करतो.